एमआरआयमध्ये मेंदू ‘उजळतो’ म्हणजे नेमकं काय होतं?

सोनटक्का

परवा घरच्या ग्रुपवर आतेभावाने एक फॉरवर्ड टाकला. मेंदूचं चित्र, त्यावर लालपिवळे डाग आणि खाली मजकूर : एमआरआयने सिद्ध झालंय की संस्कृत मंत्र म्हटल्याने मेंदू वाढतो, म्हातारपणी विसरायला होत नाही, परदेशी शास्त्रज्ञ थक्क. त्याखाली नमस्काराचे चौदा हात. मग काकूचा प्रश्न, “तू त्या मशीनवरच असतेस ना गं? खरं का हे?”

असते खरी. आधी सहा वर्षं मुंबईत एका खासगी सेंटरमध्ये एमआरआय टेक्निशियन होते, आता नऊ वर्षं जर्मनीत एका विद्यापीठाच्या संशोधनाच्या स्कॅनरवर आहे. शास्त्रज्ञ नाही. मशीन चालवते, माणसं आत घालते आणि बाहेर काढते. काकूला उत्तर लिहायला बसले आणि ते इतकं लांबलं की ग्रुपवर टाकलं असतं तर आतेभावाने मलाच ग्रुपमधून काढलं असतं. म्हणून इथे.

आधी मशीनचं. आपल्या डोक्यात पाणी भरपूर. पाण्यातल्या हायड्रोजनची केंद्रकं म्हणजे इवलीशी चुंबकंच, पण एरवी ज्याचं तोंड त्याच्या दिशेला. आमचा चुंबक ३ टेस्लाचा आहे, पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या साठेक हजार पट. त्यात माणूस सरकवला की त्यातली अगदी थोडी जास्तीची केंद्रकं चुंबकाच्या दिशेने कलतात आणि भोवऱ्यासारखी डुलायला लागतात, सेकंदाला सुमारे १२ कोटी ७७ लाख वेळा. नेमक्या त्याच लयीची रेडिओलहर सोडली की ती कलंडतात, आणि परत जागेवर येताना स्वतः क्षीण रेडिओलहर सोडतात. ती आम्ही पकडतो. एफएम रेडिओ १०८ मेगाहर्ट्झला संपतो, आमचं स्टेशन त्याच्या जरा पुढे, १२८च्या आसपास. जागेवर यायला किती वेळ लागतो ते शेजारपाजारावर ठरतं : चरबीत वेगळा, मेंदूतल्या पाण्यात वेगळा, करड्या थरात वेगळा, पांढऱ्या तंतूंत वेगळा.

पण आवाज कुठून आला हे कसं कळणार? ही युक्ती पॉल लॉटरबर यांची, १९७३ची. चुंबकत्व एका बाजूला किंचित जास्त, दुसऱ्या बाजूला किंचित कमी ठेवायचं. मग प्रत्येक जागेची लय वेगळी होते आणि लयीवरून पत्ता सापडतो. ‘नेचर’ने हा लेख आधी साभार परत केला होता. पीटर मॅन्सफिल्ड यांनी हेच काम झटपट कसं करायचं ते दाखवलं, आणि २००३ साली दोघांना मिळून नोबेल. आतमध्ये जी हातोडे मारल्यासारखी खडखड ऐकू येते ती हा चढउतार करणाऱ्या कॉइल्सची. पेशंटला वाटतं मशीन बिघडलं.

इथवर मिळतं ते मेंदूच्या घडणीचं चित्र. ‘उजळणं’ ही वेगळी भानगड आहे.

ऑक्सिजन सोडून दिलेलं हिमोग्लोबिन चुंबकाकडे किंचित ओढलं जातं, ऑक्सिजन असलेलं जात नाही. हे लायनस पॉलिंग आणि चार्ल्स कोरिएल यांनी १९३६ सालीच नोंदवलं होतं. १९९० साली बेल लॅब्जमध्ये सेइजी ओगावा यांनी उंदरांच्या मेंदूत दाखवलं की या फरकाने एमआरआयचा सिग्नल बदलतो. दोन वर्षांत माणसांवर प्रयोग झाले, अमेरिकेतल्या तीन गटांनी जवळपास एकाच वेळी केले. मेंदूचा एखादा भाग कामाला लागला की तिकडे रक्त धावतं, आणि गरजेपेक्षा जास्तच धावतं. त्यामुळे तिथे ऑक्सिजनवालं रक्त वाढतं आणि सिग्नल चढतो. किती? जेमतेम एखादा टक्का. आणि तोही पाच-सहा सेकंद उशिरा.

म्हणजे विचार दिसत नाही, विचाराच्या मागून आलेलं रक्त दिसतं. लग्नघरात पाण्याचे टँकर किती गेले त्यावरून आत काय शिजतंय ते ओळखायचं, त्यातला प्रकार. बरं, टँकर येतो उशिरा आणि आणतो जास्त. आणि आमच्या चित्रातला एक ठोकळा, व्हॉक्सेल म्हणतात त्याला, दोन-तीन मिलिमीटरचा. त्यात लाखो पेशी.

शिवाय मेंदू कधीच गप्प नसतो. म्हणून वजाबाकी. वीस सेकंद शब्द दाखवायचे, वीस सेकंद नुसती फुली, असं पुन्हापुन्हा. मग प्रत्येक ठोकळ्यासाठी विचारायचं, शब्दांच्या वेळी सिग्नल खात्रीलायक जास्त होता का? जे ठोकळे परीक्षा पास होतात त्यांना रंग. लालपिवळा रंग मेंदूत नसतो, संगणकावर कुणीतरी निवडलेला असतो. मी तो हिरवा करू शकते. केलाय.

आता फॉरवर्ड. तो अगदीच हवेतून आलेला नाही. २०१६ साली ‘न्यूरोइमेज’मध्ये जेम्स हार्टझेल, नंदिनी सिंग आणि सहकाऱ्यांचा लेख आला. काम मानेसरच्या नॅशनल ब्रेन रिसर्च सेंटरमधलं. लहानपणापासून वेद पाठ केलेले २१ पंडित आणि त्यांच्याशी जुळणारे २१ इतर, दोन्ही गटांच्या मेंदूंच्या घडणीची तुलना. पंडितांमध्ये भाषा, स्मृती आणि दृष्टी यांच्याशी जोडलेल्या भागांत करड्या थराची घनता आणि जाडी बरीच जास्त आढळली. हिप्पोकॅम्पस, म्हणजे आठवणींशी जोडलेला मेंदूच्या आतला भाग, त्यातही फरक. ‘संस्कृत इफेक्ट’ हे नाव हार्टझेल यांनी २०१८च्या एका लेखात वापरलं आणि तिथून ते सुटलं.

यात ‘वाढला’ कुठे आहे? एकदाच स्कॅन केलं. वाढ मोजायची तर दोनदा मोजावं लागतं. स्मृतिभ्रंश तपासलेलाच नाही. आणि या चित्रात काही ‘उजळत’ही नाही, ते डाग म्हणजे दोन गटांतला फरक. काकूला हे कसं सांगू? तिला मेंदूपेक्षा आतेभावाचं मन मोडणार नाही ना याची काळजी जास्त आहे.

---

ढेकूळ

काकूंना सांगा, फॉरवर्ड पाठवणाऱ्या २१ जणांचंही स्कॅन केलं. ठिपका एकच निघाला, अंगठ्याचा. (हलके घ्या.)

---

भिंगरी२२

मस्त लिहिलंयस, वाचनखूण साठवली. टँकर तर फारच आवडला.

माझं गेल्या वर्षी मानेचं झालं होतं तेव्हा मंगळसूत्र काढायला सांगितलं आणि सासूबाई बाहेर रडायला लागल्या. सोनं तर चुंबकाला चिकटत नाही ना? मग का काढायचं? आणि संशोधनासाठी आत जाणारे लोक तास-तास कसे पडून राहतात?

---

सोनटक्का

भिंगरी, मंगळसूत्राचा विषय निघाला की मला मुंबई आठवते. सोनं चिकटत नाही हे खरं, पण आतली कडी आणि तार कशाची आहे ते सोनारालाच ठाऊक. शिवाय धातूमुळे आसपासचं चित्र वेडंवाकडं येतं आणि रेडिओलहरींनी तो तापू शकतो. आम्ही एक शोधून काढलं होतं : नवऱ्याला किंवा सासूला आमच्या खोलीत काचेपलीकडे उभं करायचं आणि मंगळसूत्र त्यांच्या हातात द्यायचं. “तुमच्यासमोरच आहे बघा.” दहातल्या आठ वेळा तिढा सुटायचा. खरा त्रास जोडव्यांचा. सुजलेल्या बोटांतून ती निघतच नाहीत. साबण, तेल, दोरा, सगळं करून झालं की शेवटी कापायची.

आणि चुंबक कायम चालू असतो, लोकांना हेच पटत नाही. रात्री, सुटीच्या दिवशी, लाइट गेली तरीसुद्धा. उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडवलेली गुंडाळी असते, एकदा वीज फिरायला लागली की फिरतच राहते. २०१८ साली मुंबईत ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन स्कॅनरच्या खोलीत गेलेल्या माणसाचा जीव गेला, तो असाच. त्यामुळे तुझ्या सासूबाई रडल्या तरी ‘काढा’ म्हणणाऱ्यावर रागावू नकोस.

संशोधनात डोक्यावर क्रिकेटच्या हेल्मेटसारखी जाळीदार कॉइल येते. तिला छोटा आरसा, त्यात मागच्या पडद्यावरचे शब्द दिसतात. हातात बटणं, दुसऱ्या हातात रबरी फुगा, घाबरलात तर दाबायचा. कानात बोळे, वर हेडफोन, डोक्याच्या दोन्ही बाजूंना उशा ठोसून. इतकं करूनही माणूस हलतो. दोन मिलिमीटर हललं की शेजारचा ठोकळा मोजला जातो. सगळ्यात जास्त कोण हलतं सांगू? जे “मी अजिबात हलणार नाही” म्हणतात ते. सगळ्यात स्थिर, जे झोपी जातात. मग ते बटण दाबत नाहीत.

---

नाना_वेंगुर्ला

सोनटक्का, लेख दोनदा वाचला. मी स्वतः लहानपणी देशावरच्या एका पाठशाळेत आठ वर्षं काढली. शुक्ल यजुर्वेद, माध्यंदिन शाखा. पुढे नोकरी बँकेत केली, तो भाग वेगळा. तेव्हा या विषयात थोडं आतलं सांगू शकतो.

पहिली गोष्ट, आम्हाला अर्थ शिकवत नसत. पाठांतराच्या चढत्या पायऱ्या असत : संहिता पाठ, मग पद, क्रम, आणि ज्याची धाव असेल तो घनापर्यंत. घनात शब्द कसे येतात? पहिला-दुसरा, दुसरा-पहिला, पहिला-दुसरा-तिसरा, तिसरा-दुसरा-पहिला, पुन्हा पहिला-दुसरा-तिसरा. मग एक पायरी पुढे सरकून तेच. बारा वर्षांच्या पोराला व्याकरण येत नसे पण संधी उलटसुलट करून चुकत नसे. अर्थ पुष्कळांना नंतर कळला, काहींना कधीच नाही. मग याला ‘संस्कृत’ भाषेचा परिणाम म्हणायचं कसं? भाषा आम्हाला येतच नव्हती!

दुसरी, आमच्या शाखेत स्वर हाताने दाखवतात. हात वर, खाली, बाजूला. सकाळी चारपासून तोंड आणि हात बरोबर चालत. तिसरी, पहाटे उठणं, ठरलेलं जेवण, दहा-दहा वर्षं तीच पोरं, तेच गुरुजी, टीव्ही नाही. तुलनेला घेतलेले २१ जण असं राहिले होते का?

फॉरवर्ड मलाही आला होता. मी पुढे पाठवला होता, हेही कबूल करतो.

---

खडीसाखर

नाना, दंडवत! शास्त्रज्ञांनी विचारायला हवं ते तुम्ही विचारलंत.

---

सोनटक्का

नाना, तुमचा प्रतिसाद मी सकाळी आमच्या लॅबमधल्या एका पीएचडीच्या मुलीला भाषांतर करून वाचून दाखवला. ती म्हणाली, यांना आमच्या मीटिंगला बोलवा.

लेखकांच्या बाजूने एवढं सांगते : लेखाचं शीर्षक ‘शाब्दिक स्मृतीचे तज्ज्ञ’ असं आहे, संस्कृतचे नाही. त्यांचा प्रश्न पाठांतराचा होता. भाषेचं निशाण नंतर लागलं. भाषेचाच परिणाम बघायचा तर तिसरा गट हवा. उदाहरणार्थ ज्यांची ज्ञानेश्वरी पाठ आहे असे कीर्तनकार. आणि चौथा, ज्यांना संस्कृत उत्तम येतं पण पाठ काही नाही असे प्राध्यापक. हाताच्या स्वरांचं तर मला सुचलंच नसतं.

मुळात ‘आधीपासून तसा मेंदू होता म्हणून पाठशाळेत टिकला’ की ‘पाठशाळेमुळे तसा झाला’? हा पेच लंडनच्या टॅक्सीवाल्यांनी सोडवून दाखवला. तिथे काळ्या टॅक्सीचं लायसन्स हवं तर चेअरिंग क्रॉसपासून सहा मैलांच्या आतले सुमारे २५,००० रस्ते डोक्यात ठेवावे लागतात. एलिनॉर मॅग्वायर यांनी २००० साली अशा १६ चालकांचं स्कॅन केलं. हिप्पोकॅम्पसचा मागचा भाग इतरांपेक्षा मोठा, पुढचा लहान. आणि जितकी वर्षं टॅक्सी चालवली तितका फरक जास्त. जगभर गाजलं. पण आक्षेप तोच : कोंबडी आधी की अंडं? मग त्यांनी शिकाऊ ७९ जण घेतले, शिकायच्या आधी स्कॅन, तीन-चार वर्षांनी पुन्हा. ३९ जण पास झाले. मागचा भाग वाढला तो फक्त पास झालेल्यांचा. नापासांचाही नाही, तुलनेच्या गटाचाही नाही. २०११चा लेख. पहिल्या लेखापेक्षा मला हा दुसरा जास्त भारी वाटतो, पण लोकांना पहिलाच माहीत असतो.

पंडितांचा असा दुसरा लेख हवा. पाठशाळेत दाखल होणाऱ्या आठ वर्षांच्या पोरांचं स्कॅन, आणि मग दर दोन वर्षांनी. आठ वर्षांचं पोर न हलता आत ठेवायची जबाबदारी मात्र मी घेणार नाही.

---

पाऊलवाट

मी आकडेमोडीतला माणूस, मेंदूतला नाही. पण या क्षेत्राची मजा आमच्याकडे नेहमी सांगतात.

२००९ साली क्रेग बेनेट यांनी एक अटलांटिक सामन मासा स्कॅनरमध्ये ठेवला. मेलेला. त्याला माणसांचे फोटो दाखवले आणि विचारलं, या माणसांना काय वाटत असेल? नेहमीची वजाबाकी केली. ८,०६४ ठोकळ्यांपैकी १६ ‘उजळले’, त्यातले काही मेंदूतच. हजारात एक चूक चालेल असा नियम लावला आणि आठ हजार वेळा विचारलं, तर नुसत्या योगायोगानेही आठ-दहा निघणारच. इतक्या वेळा विचारल्याची भरपाई गणितात केली की मासा पुन्हा मेला. २०१२ साली याला इग नोबेल मिळालं, म्हणजे आधी हसवणाऱ्या आणि मग विचार करायला लावणाऱ्या संशोधनाचं गमतीचं बक्षीस.

हसण्यावारी नेऊ नका, कारण त्या काळात ही भरपाई न करता छापलेले लेख होते. पुढे २०१६ साली स्वीडनच्या अँडर्स एकलुंड यांनी नुसत्या पडून राहिलेल्या ४९९ लोकांचा डेटा घेऊन खोटे प्रयोग रचले. जिथे शंभरात पाच चुका अपेक्षित होत्या तिथे काही पद्धतींत सत्तरपर्यंत गेल्या. एका प्रोग्राममध्ये पंधरा वर्षं जुना बगही सापडला. पेपरांनी ‘चाळीस हजार लेख बाद’ म्हणून ठोकून दिलं. लेखकांनी नंतर आकडा खाली आणला, साडेतीन हजारांच्या आसपास. दुरुस्तीची बातमी कुणी छापते?

आणि २०२०चा एक : एकाच प्रयोगाचा एकच डेटा ७० गटांना दिला, नऊ विधानं तपासा म्हणून. हिशेबाची वाट दोन गटांचीही सारखी नव्हती, आणि काही विधानांवर उत्तरंही वेगळी.

---

खडीसाखर

म्हणजे सगळंच थोतांड म्हणायचं का? माझी मुलगी न्यूरोसायन्सला जायचं म्हणतेय, तिला काय सांगू?

---

सोनटक्का

खडीसाखर, तिला खुशाल जाऊ दे, फक्त आधी पाऊलवाटकडे वर्षभर शिकवणीला पाठव.

थोतांड नाही. मला सगळ्यात जवळचं वाटणारं काम तर आपल्या लिपीचंच आहे. लखनौजवळच्या दोन खेड्यांतली माणसं, बहुतेक बायका, तिशीच्या आसपासच्या, कधी शाळेत न गेलेल्या. त्यांच्यातल्या २१ जणींना-जणांना सहा महिने देवनागरी वाचायला-लिहायला शिकवलं, ९ जणांना नाही. दोन्ही गटांचं आधी स्कॅन, नंतर स्कॅन. नेदरलँड्सच्या माक्स प्लांक संस्थेचे फाल्क ह्युटिग, लाइपझिगचे मिखाएल स्काइडे, हैदराबादचे रमेश मिश्रा, लखनौचे उत्तम कुमार असे सगळे त्यात होते. लेख २०१७चा.

सगळ्यांना वाटत होतं बदल मेंदूच्या वरच्या थरात दिसेल. तो पार खाली गेला : मेंदूकांडात आणि थॅलॅमसमध्ये, म्हणजे डोळे वळवणं आणि लक्ष कुठे द्यायचं ते ठरवणं यांच्याशी संबंधित जुन्या भागांत. या भागांचा आणि दृष्टीच्या थराचा ताल जास्त जुळायला लागला. तिशीतल्या बाईच्या मेंदूत, सहा महिन्यांत, अ-आ-इ-ई शिकून! दोन्ही गट मिळून ३० जणच हे खरं, पाऊलवाट आता डोळे वटारेल, पण आधी-नंतर असल्यामुळे मला २१ पंडितांपेक्षा हे जास्त पटतं.

त्यातल्याच काही मंडळींनी २०१९ साली उत्तर प्रदेशातल्याच ९१ जणांवर दुसरं दाखवलं. आधी एक समज होता की वाचन शिकलं की अक्षरं मेंदूतली चेहरे ओळखायची जागा बळकावतात. तसं काही झालेलं दिसलं नाही. अक्षरांसाठीचा प्रतिसाद वाढला, चेहऱ्यांचा कमी झाला नाही.

---

चिवडा_मास्तर

मी ऐकलं होतं की इंग्रजी वाचताना अर्धा मेंदू चालतो आणि हिंदी-मराठी वाचताना पूर्ण. हेही मानेसरचंच ना? आमच्या शाळेच्या फळ्यावर लिहिलं होतं.

---

सोनटक्का

मास्तर, पुसा ते. :)

मूळ काम खरं आहे, नंदिनी सिंग यांच्याच गटाचं, २००९ साली ‘करंट सायन्स’मध्ये आलेलं. देवनागरी वाचताना डावीकडच्या नेहमीच्या जागांबरोबर उजवीकडच्या वरच्या पॅरायटल भागातही, म्हणजे माथ्याच्या मागच्या बाजूला, हालचाल दिसली, आणि त्याचा संबंध त्यांनी लिपीच्या मांडणीशी लावला. इंग्रजी अक्षरं एका ओळीत आगगाडीसारखी जातात. आपल्याकडे मात्रा वर, उकार खाली, काना पुढे. आणि ‘कि’ लिहिताना वेलांटी आधी आणि उच्चार नंतर. डोळ्याला उड्या माराव्या लागतात. यातून ‘इंग्रजीवाले अर्धे’ कुठून निघालं? अर्धा मेंदू वापरून कुणी काही वाचत नाही, इंग्रजीही.

अजून एक जाता जाता. प्रत्येकाचा मेंदू वेगळ्या आकाराचा, म्हणून तुलना करताना सगळे ताणून-दाबून एका ‘प्रमाण’ मेंदूवर बसवतात. बहुतेक जण वापरतात तो माँट्रियालचा, तिकडच्या गोऱ्या लोकांवरून केलेला. २०१९ साली हैदराबादच्या ट्रिपल आयटीने १०० भारतीयांवरून आपला केला. लांबी-रुंदीला आणि एकूण आकाराला तो सरासरीने जरा लहान निघाला. हे फॉरवर्ड मात्र कुणी केलं नाही.

---

ढेकूळ

😂 शेवटचं वाक्य.

पण पुण्यात त्या ‘ब्रेन मॅपिंग’वरून शिक्षा झाली होती ना कुणाला तरी? ते एमआरआय होतं का?

---

पाऊलवाट

नव्हतं. ती डोक्याला तारा लावून विजेच्या लहरी मोजायची चाचणी, ईईजीच्या कुळातली. २००८ साली पुण्याच्या सत्र न्यायालयाने निकालात तिचा आधार घेतला, तेव्हा बाहेरच्या देशांतूनही टीका झाली होती. मे २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सेल्वी विरुद्ध कर्नाटक राज्य या खटल्यात सांगितलं की नार्को, पॉलिग्राफ आणि असल्या मेंदूच्या चाचण्या संमतीशिवाय करता येणार नाहीत.

---

डॉ_बाभूळ

रेडिओलॉजिस्ट आहे, जिल्ह्याच्या गावी. इथली चर्चा बहुतेक गटांच्या सरासरीची चालली आहे, ती एका माणसाला लावता येत नाही, हे ठळक करतो. माझ्याकडे लोक पोराचा एमआरआय घेऊन येतात, “गणिताचा भाग कमी आहे का बघा.” मी फी परत देतो आणि पाठवून देतो.

एका माणसासाठी ‘उजळणं’ उपयोगी पडतं ते ऑपरेशनच्या आधी. गाठ भाषेच्या किंवा हाताच्या भागाला किती जवळ आहे, ते सर्जनला हवं असतं. शिकत असताना एक ऊसवाले शेतकरी आले होते, डाव्या बाजूला गाठ. बोटं हलवायचं छान केलं. मग सांगितलं, ‘क’ने सुरू होणारे शब्द मनात म्हणा. स्पीकरवर आम्हाला ऐकू येतंय, “कांदा! कोयता! कारखाना! कर्ज!” मोठ्याने. जबडा हलला, डेटा वाया. पुन्हा समजावलं, पुन्हा “कांदा!” तिसऱ्यांदा जमलं. काम त्यांच्याच भाषेत द्यावं लागतं. हिंदीतून सूचना दिली असती तर भाषांतराचा भाग उजळला असता.

---

वाळवंटी

वाचतोय सगळं. चुलतभाऊ अपघातानंतर साडेतीन महिने डोळे उघडे ठेवून पडून होता, ओळख काही नाही. डॉक्टर म्हणत, ऐकू येतंय की नाही सांगता येत नाही. काकू तरी रोज पेपर वाचून दाखवायच्या. अशा वेळी याने काही कळतं का? तो आता नाही, त्यामुळे मोकळेपणी सांगा.

---

डॉ_बाभूळ

वाळवंटी, वाईट वाटलं.

२००६ साली केंब्रिजला एड्रियन ओवेन यांनी तशाच अवस्थेतल्या २३ वर्षांच्या मुलीला, अपघाताला पाच महिने झाले होते, स्कॅनरमध्ये सांगितलं : टेनिस खेळतेस असं मनात आण. मग, आपल्या घरातून खोल्याखोल्यांत फिरतेस असं आण. दोन्ही वेळा निरोगी माणसाचा जो भाग कामाला लागतो तोच तिचाही लागला. बाहेरून प्रतिसाद काहीच दिसत नव्हता. २०१०च्या पुढच्या अभ्यासात ५४ रुग्णांपैकी पाच जणांना असं मुद्दाम करता आलं. त्यातल्या एकाने ‘हो’साठी टेनिस आणि ‘नाही’साठी घर असं धरून साध्या प्रश्नांची उत्तरंही दिली.

पाच म्हणजे बहुतेक नाहीत. पण त्यातल्या काहींना बाहेरून ओळखायचा मार्ग नव्हता. तुमच्या काकू पेपर वाचत होत्या ते बरोबरच होतं.

---

वाळवंटी

धन्यवाद डॉक्टर. खेळाचं पान आधी वाचायच्या.

---

नाना_वेंगुर्ला

सोनटक्का, भाचा तुमच्या जर्मनीत असतो, डिसेंबरात तिकडे येतोय. तुमच्या मशीनमध्ये जायची इच्छा आहे. आत घन म्हणेन, मनात, जबडा न हलवता. वय ७१. अडचण एकच, उजव्या गुडघ्याखाली प्लेट आहे, स्कूटरवरून पडलो होतो तेव्हाची.

---

सोनटक्का

नाना, संशोधनाच्या यादीत वय बसतं का ते विचारून सांगते. प्लेट टायटॅनियमची असेल तर बहुधा चालेल, पण त्यावर नाही भागत. ऑपरेशनचा कागद लागेल, प्लेट कुठल्या धातूची ते लिहिलेला. त्याशिवाय आमच्या दाराच्या आत पाऊल नाही, तुम्ही असलात तरी.

---

नाना_वेंगुर्ला

कागद घरातच आहे. नेमका कुठे ठेवलाय ते आठवत नाही.

---

ढेकूळ

संस्कृत इफेक्ट!

---

नाना_वेंगुर्ला

ढेकूळराव, रुद्र विचारा, उलटा म्हणून दाखवतो. कागद ही ठेवते, तिला विचारावं लागेल.